दिवाळीच्या धावपळीत तुम्ही निवांतपणा कुठे शोधता?

खाडीकिनारा (कासारवडवली, ठाणे)
रविवार, रात्री ११.२०

नमस्कार. गणपती बसल्यापासून आमच्या घरात जी धावपळ सुरू होते ती भाऊबीजेच्या रात्री थांबते, आणि तोपर्यंत माझ्यात बोलण्याचेही त्राण उरलेले नसते. मी ऐरोलीला नोकरी करते. घोडबंदर रस्त्यावरून ठाणे स्थानक गाठायचे, तिथून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची, संध्याकाळी तोच प्रवास उलट करायचा आणि घरी आल्यावर भाजणी दळून आणली का, पडदे धुतले का, गावाकडच्या माणसांची तिकिटे झाली का, हे एकेक करून निस्तरायचे, असा माझा आश्विन महिना जातो. आज सकाळी जांभळी नाक्याच्या बाजारात पणत्या, रांगोळी आणि सुके खोबरे घ्यायला गेले होते. गर्दीत पुढे सरकायला जागा नव्हती, आणि हा सण एकदाचा आटोपला तर बरे, असे माझ्या मनात आले. त्या विचाराने मला फार वाईट वाटले, कारण लहानपणी मी याच सणासाठी दिवस मोजत असे.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळे आवरल्यावर मी पलंगावर बसले, तेव्हा दिवसभरातला एकही क्षण मला नीट आठवेना. पूजा झाली होती, दिवे लागले होते, पाहुणे तृप्त होऊन गेले होते, पण मी त्यात कुठे होते हे मला सांगता आले नसते. सासूबाईंनी "दमलीस का गं?" एवढेच विचारले आणि मला रडू आले.

म्हणून विचारते. या दिवसांत तुमचे मन कशाने निवते? जे मिळाले आहे त्याची जाणीव एवढ्या धावपळीत कशी टिकते? आणि दिवाळी संपल्यावर पुन्हा कामाला लागण्याची उमेद कुठून येते? "चांगला विचार करा" हा सल्ला मी स्वतःला रोजच देते, त्यामुळे तो नको. तुम्ही प्रत्यक्ष काय करता ते सांगावे.

जुने_ठाणे (नौपाडा)
सोमवार, सकाळी ७.४०

ताई, धागा काढलात ते बरे केलेत. माझे वय ७३ आहे आणि माझे उत्तर पहाट हे आहे. सव्वापाचला मी तलावपाळीवर असतो. त्या वेळी खाण्याच्या गाड्या झाकलेल्या असतात, नावा काठाला बांधलेल्या असतात आणि मासुंदा तलावाच्या पाण्यावर दिव्यांची प्रतिबिंबे हलतही नाहीत. गडकरी रंगायतनाच्या बाजूने एक फेरी घालायची, कोपिनेश्वराच्या दाराशी हात जोडायचे आणि घरी येऊन चहा ठेवायचा. तेवढ्या अर्ध्या तासात मला कोणी काही मागत नाही आणि मीही कोणाकडे काही मागत नाही, देवाकडेसुद्धा.

दिवाळी पहाटेला मात्र तलावपाळी आणि राम मारुती रस्ता तरुण मुलामुलींनी फुलून जातो. काही वर्षे मला त्याचा मनापासून राग येत असे. एके वर्षी नातीने मला हाताला धरून नेले. ती मुले नवे कपडे घालून शाळासोबत्यांना शोधत होती, गळ्यात पडत होती, आणि त्यांतील कित्येक जण नोकरीमुळे वर्षातून त्या एकाच सकाळी एकमेकांना भेटत होते. मला जे शांततेत मिळते तेच त्यांना त्या गर्दीत मिळते, हे मला तिथे उभे असताना कळले. आता त्या एका दिवशी मी माझी फेरी गच्चीवर घालतो.

दुसरी गोष्ट दिवाळी अंकांची. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली काढलेला दिवाळी अंक मराठीतला पहिला मानला जातो, हे वडील आम्हांला दरवर्षी सांगत आणि मगच नव्या अंकाची पाने उलगडत. आमच्या घरचा नियम त्यांच्यापासूनचा आहे. पाडव्याच्या दुपारी दोन ते पाच कोणाकडे जायचे नाही, कोणाला बोलवायचे नाही, प्रत्येकाने एक अंक घेऊन हव्या त्या कोपऱ्यात बसायचे. पूर्वी नातेवाईक नाराज होत. आता तेच विचारतात की यंदा कोणते अंक घेतले.

अनारसा (कोपरखैरणे)
सोमवार, दुपारी २.१५

माझे नावच माझे उत्तर आहे, पण ते थोडे सविस्तर सांगते.

अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजवायचा आणि रोज त्याचे पाणी बदलायचे. मग तो सावलीत कपड्यावर पसरायचा, दमट असतानाच कुटायचा किंवा दळायचा, चाळायचा, गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळा करायचा आणि पुन्हा चार-पाच दिवस डब्यात मुरत ठेवायचा. यातली एकही पायरी पैशाने किंवा घाईने लवकर होत नाही. तळताना खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. तो उलटायचा नसतो. झाऱ्याने त्याच्यावर तूप उडवत राहायचे आणि जाळी पडेपर्यंत नजर हलवायची नाही. गडबड केली, आच चुकली किंवा पीठ मुरले नसले की तो तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो.

बाकीचा सगळा फराळ मी विकत आणते, कारण मीही नोकरी करते. अनारसे मात्र घरचे. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी दुपारी मी फोन आतल्या खोलीत ठेवते आणि एक-एक करून तीस अनारसे तळते. त्या दोन तासांत मला आईचे हात दिसतात. तिच्याकडे उखळ होते आणि तिचा सबंध दिवस त्यात जात असे. माझ्यासाठी तेच जप आहे आणि तेच ध्यान आहे. कृतज्ञता म्हणून मी वेगळे काही करत नाही, कारण तुपाचा वास आला की ती आपोआप येते.

पारसिक (कळवा)
सोमवार, रात्री १०.०५

अनारसाताई, आपले लेखन वाचून मन भरून आले, तरीही मला आदरपूर्वक असहमती नोंदवायची आहे. धागाकर्तीचा प्रश्न मन शांत करण्याचा वाटतो, पण मला तो कामाच्या वाटणीचा वाटतो. ज्या घरात एकाच व्यक्तीच्या डोक्यात सगळ्या सणाची यादी असते, तिथे त्या व्यक्तीला पहाट, ध्यान किंवा अंक काहीही दिले तरी ती यादी डोक्यातून उतरत नाही.

हे मी स्वतःच्या घरावरून सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलीने, ती तेव्हा नववीत होती, नवरात्रापासून भाऊबीजेपर्यंतची सगळी कामे एका मोठ्या कागदावर लिहिली. त्यात कोणाच्या घरी कोणती भेट द्यायची हे लक्षात ठेवणे, माळ्यावरून तांब्याची भांडी काढणे, मोलकरणीच्या मुलांच्या कपड्यांची मापे विचारणे अशीही कामे होती. ती त्रेचाळीस भरली. प्रत्येकासमोर तिने करणाऱ्याचे नाव लिहिले, तेव्हा छत्तीस कामे पत्नीच्या नावावर होती. मी स्वतःला घरात मदत करणारा माणूस समजत होतो. त्या कागदासमोर मी बराच वेळ गप्प उभा राहिलो.

आता तो कागद कोजागरीच्या रात्री दूध आटत असताना पुन्हा भरला जातो. चकल्या माझ्याकडे आल्या आहेत. पहिल्या वर्षी मोहन कमी पडले आणि चकल्या दाताने फुटेनात, तरी सगळ्यांनी त्या खाल्ल्या. दुसऱ्या वर्षी मोहन जास्त झाले आणि त्या साच्यातून पडतानाच तुटल्या. गेल्या वर्षी जमल्या. पत्नी म्हणाली की लग्नानंतर प्रथमच तिने लक्ष्मीपूजनाची आरती शेवटपर्यंत ऐकली. एरवी तिचे अर्धे लक्ष गॅसवर असे.

अनारसा (कोपरखैरणे)
सोमवार, रात्री १०.५०

पारसिक, आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि आपल्या कन्येचे कौतुक. फक्त एवढेच म्हणेन की अनारसे माझ्यावर कोणी लादलेले नाहीत. ज्या वर्षी माझा हात मोडला होता त्या वर्षी अनारसे झाले नाहीत आणि कोणाचे काही अडले नाही. लादलेले काम आणि निवडलेले काम यांत फरक असतो. वाटणी करताना ज्याला जे मनापासून आवडते ते त्याच्याकडे राहू द्यावे.

दुपारचा_चहा (वाशी)
मंगळवार, सकाळी ९.३०

मी पारसिक यांच्या मुलीचा कागद आजच आमच्या भिंतीवर लावणार आहे.

रातपाळी (नेरुळ)
मंगळवार, सकाळी ११.००

मी नवी मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि गेल्या नऊ वर्षांत माझ्या वाट्याला पाच वेळा लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी आली. त्या रात्री भाजलेली मुले येतात, धुराने दम लागलेली वयस्कर माणसे येतात. वॉर्डात ऑक्सिजन असतो, त्यामुळे पणती लावता येत नाही. आम्ही टेबलावर बॅटरीचा छोटा दिवा ठेवतो आणि आकाशकंदील कागदाचा, विनादिव्याचा टांगतो.

धागाकर्तीने कृतज्ञतेबद्दल विचारले आहे, म्हणून एक अनुभव लिहिते. एके वर्षी नरक चतुर्दशीला रात्रपाळी संपवून मी नेरुळहून ठाण्याच्या गाडीत चढले. मैत्रिणीकडे जायचे होते. डब्यात उटण्याचा आणि सुगंधी तेलाचा वास भरला होता, बायका नव्या साड्यांत होत्या आणि मी रात्रीच्या चुरगळलेल्या कपड्यांत खिडकीला डोके टेकून बसले होते. समोरच्या बाईंनी विचारले, "रात्रपाळी होती का?" मी मान हलवली. त्यांनी पिशवीतला डबा उघडला आणि म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांना गेल्या वर्षी अशाच एका मुलीने रात्रभर बसून सांभाळले होते. तिचे नाव विचारायचे राहून गेले. तिच्या वाटणीची करंजी तुम्ही खा."

ती करंजी मी खाल्ली. आभार किती नेमके असू शकतात हे मला त्या दिवशी समजले. "सगळ्यांचे आभार" या शब्दांनी मला कधी काही वाटले नव्हते. त्यानंतर मी दर दिवाळीत तीन माणसांचे, त्यांनी माझ्यासाठी नक्की काय केले ते सांगून, समोरासमोर आभार मानते. यंदा त्यांत आमच्या मजल्यावरचे सफाई कामगार काका आहेत, कारण पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्री ते न सांगता दोन तास टॉर्च धरून उभे राहिले होते.

प्रयोगवही (खारघर)
मंगळवार, रात्री ९.१५

रातपाळीताईंच्या अनुभवाला जोड म्हणून थोडी माहिती देतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे गट केले होते. एका गटाने दर आठवड्याला, ज्यांबद्दल आभार मानावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. दहा आठवड्यांनी पहिला गट आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आणि येणाऱ्या आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळला. पुढे २००५ मध्ये सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलेला निष्कर्ष मला अधिक उपयोगाचा वाटतो. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. त्याचा रतीब घातला की मन त्याला सरावते, असा मी त्याचा अर्थ लावतो. म्हणून मी फक्त रविवारी लिहितो, आणि दिवाळीच्या आठवड्यातही त्यात वाढ करत नाही.

सानपाडाकर
मंगळवार, रात्री १०.४०

सर्वांचे लेखन सुंदर आहे, परंतु माझ्या इमारतीखाली आत्ता फटाक्यांची माळ फुटते आहे आणि माझी आई कानावर उशी धरून पडली आहे. आधी बाहेर शांतता नको का? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. नियम कागदावर राहतो, कारण शेजाऱ्याला कोण सांगणार, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो.

रातपाळी (नेरुळ)
बुधवार, सकाळी ८.२०

सानपाडाकर, आमच्या सोसायटीत हा प्रश्न मुलांनीच सोडवला. मी त्यांना बोलावून वॉर्डात काय दिसते ते न घाबरवता सांगितले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना भेटवून आणले, ज्यांना आवाजाने रात्रभर झोप लागत नाही. मुलांनीच ठरवले की आवाजाचे फटाके आणायचे नाहीत आणि फुलबाज्या मैदानात, तेही साडेनऊपर्यंतच. मोठ्यांच्या बैठकीत हा ठराव दोनदा बारगळला होता.

किल्लेदार (बेलापूर)
बुधवार, दुपारी १.१०

मुलांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मला उमेद किल्ल्यातून मिळते. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात दरवर्षी मुले विटा, गोणपाट आणि माती लावून किल्ला करतात, त्यावर मोहरी पेरतात आणि ती हिरवी झाली की मावळे मांडतात. गेल्या वर्षी अवेळी पाऊस आला आणि प्रतापगडाचा बुरूज वाहून गेला. मला वाटले की मुले रडतील. त्यांतली एक सात वर्षांची मुलगी म्हणाली, "आता इथे दरवाजा करू या, नाहीतरी तो राहिलाच होता." कार्यालयात एखादे काम कोसळले की मला ते वाक्य आठवते.

येऊरवाट (वर्तकनगर, ठाणे)
बुधवार, रात्री ८.३०

आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी वारली लोक वाघबारस पाळतात आणि वाघदेवाला पुजतात. ठाण्याच्या कुशीत येऊरचे पाडे आहेत आणि त्यांच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, जिथे आजही बिबट्या फिरतो. ज्याची भीती वाटते त्याच्यापुढेही हात जोडून "आमच्या गुरांना सांभाळ" असे म्हणायचे, ही कल्पना मला फार मोठी वाटते. एका पाड्यावरच्या आजींना मी विचारले होते की दिवाळीची तयारी कधी सुरू करता. त्या म्हणाल्या, "भात तयार झाला की." त्यांचा सण पिकाशी बांधलेला आहे, तर माझा सण सुट्ट्यांच्या तक्त्याशी, हे तेव्हा जाणवले.

एक विनंती मात्र करतो. प्रेरणा मिळावी म्हणून दिवाळीत गटागटाने पाड्यांवर जाऊन कपडे वाटणे आणि छायाचित्रे काढणे टाळावे. द्यायचेच असेल तर शाळेत किंवा तिथे वर्षभर काम करणाऱ्या माणसांना विचारून, गरज समजून द्यावे.

पाणथळ (ऐरोली)
गुरुवार, सकाळी ७.०५

खाडीकिनारा, आपण ऐरोलीला येता म्हणून सुचवते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तिथेच आहे. दिवाळीच्या सुमारास रोहित फारसे दिसत नाहीत, त्यांचे मोठे थवे हिवाळा पुढे सरकल्यावर दिसू लागतात. पण उत्तरेकडून आलेले लहान तुतवार तोपर्यंत चिखलात चोच खुपसत फिरू लागलेले असतात. दिवाळीनंतर कामावर जाताना पाय जड होतात, तेव्हा मी एका सकाळी खाडीवर जाते. मुठीत मावेल एवढा जीव हजारो किलोमीटर उडून आलेला असतो आणि आल्याबरोबर आपल्या कामाला लागलेला असतो.

एकदाणी (ठाणे पूर्व)
गुरुवार, रात्री ११.५५

मी सहसा फक्त वाचते, आज लिहिते आहे. माझी आई श्रावणात गेली. यंदा घरात सण नाही, तळण नाही, कंदील नाही. तुम्हां सगळ्यांना जी शांतता हवी आहे ती माझ्या घरात पुरून उरली आहे. "अगं, भाजणीला धने भाजून घेतलेस का?" असे तिने वीस वेळा विचारावे आणि मी चिडावे, यासाठी मी काहीही देईन. कृतज्ञ राहा, असे मला सगळे सांगतात. मला अजून ते जमत नाही, आणि जमत नाही याबद्दल कोणी समजावू नये, एवढीच विनंती आहे.

जुने_ठाणे (नौपाडा)
शुक्रवार, सकाळी ६.५०

मुली, तुला कोणीही समजावणार नाही. ज्या घरी तळण नसते त्या घरी शेजाऱ्यांनी फराळ पोचवायचा असतो, ही आपली रीत आहे, आणि ती समजुतीच्या शब्दांपेक्षा शहाणी आहे. तुझ्या शेजारचे लोक आणतील. कोणी आले तर दार उघड. बोलावेसे वाटले नाही तर बोलू नकोस.

खाडीकिनारा (कासारवडवली, ठाणे)
भाऊबीजेची रात्र, ११.४०

सर्वांना मनापासून नमस्कार. आठवडाभर लिहिता आले नाही, पण रोज वाचत होते.

पारसिक यांचा कागद आमच्याही घरी झाला. आमची कामे एकोणचाळीस निघाली. कोणाची किती ते लिहीत नाही, पण यजमानांनी कागद वाचून झाल्यावर काहीही न बोलता पडद्यांच्या कड्या काढायला घेतल्या. सासूबाईंनी शंकरपाळे स्वतःकडे ठेवले, कारण अनारसाताई म्हणतात तसे ते त्यांचे आवडीचे काम आहे आणि ते मी काढून घेत होते, हे मला ठाऊकच नव्हते. चार गोष्टी आम्ही केल्याच नाहीत. त्यांपैकी दोन कोणाच्या लक्षातही आल्या नाहीत.

लक्ष्मीपूजनाला मी ठरवून एकच गोष्ट पूर्ण लक्ष देऊन केली. सगळ्या पणत्यांत तेल मी घातले आणि वाती मी लावल्या. एकवीस पणत्या होत्या. सोळावी वाऱ्याने दोनदा विझली, तेव्हा माझ्या मुलाने तिच्यापुढे हाताचा आडोसा धरला आणि ती पेटेपर्यंत तो श्वास रोखून होता. हे मला आत्ता लिहितानाही दिसते आहे. गेल्या वर्षीचे काहीच आठवत नव्हते, यंदाचे हे आठवते.

आज सासूबाईंना मी सांगितले की गेल्या वर्षी त्यांनी "दमलीस का" असे विचारले नसते, तर मी कोणापुढेच बोलले नसते. रातपाळीताई, नेमके सांगायचे म्हणजे किती कठीण असते! आवाज फुटत नव्हता. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघीही काही न बोलता भांडी पुसत राहिलो. उमेदीचे उत्तर अजून मिळालेले नाही. सोमवारी कामावर जायचे आहे, आणि त्याआधी पाणथळ यांनी सांगितलेल्या जागी जाऊन येणार आहे.

एकदाणी (ठाणे पूर्व)
दुसरा दिवस, सकाळी १०.१०

जुने_ठाणे काका, दार उघडले. सात घरांतून फराळ आला. तळमजल्यावरच्या ज्या काकूंशी पार्किंगवरून आमचे दोन वर्षे बोलणे नव्हते, त्याही आल्या. त्यांच्या चकलीत धने आईसारखेच जास्त होते, आणि मी ती उभ्यानेच खाल्ली.

आता ओट्यावर सात डबे धुऊन पालथे घातले आहेत. आई रिकामा डबा कधी परत पाठवत नसे. घरात तळण नाही, गोडधोडही केलेले नाही. अशा वर्षी डब्यात काय घालून द्यायचे असते, कोणी सांगेल का?

अनारसा (कोपरखैरणे)
दुसरा दिवस, सकाळी १०.२५

साखर घालून दे, बाळा. चिमूटभर पुरते.